एका घासानं काय होतंय?

‘पोरीच्या अंगी काही लागतच नाही,’ हे वाक्य आमच्या घरात चार वर्षं रोज ऐकू यायचं. मुलगी जेवायची, पण हातपाय काड्यांसारखे आणि पोट मात्र नगाऱ्यासारखं. अधूनमधून जुलाब. जंतांची औषधं झाली, लोहाची टॉनिकं झाली. रक्त काही वाढेना. आणि मी? ताकद यावी म्हणून तूप लावलेली पोळी अन् रव्याची खीर आग्रहानं भरवत होते. दुखण्याचं मूळ मीच ताटात वाढतेय, हे कुठं ठाऊक होतं!

शेवटी बालरोगतज्ज्ञांनी नाव सांगितलं : सीलिअ‍ॅक. गहू, जव आणि राय नावाचं परदेशी धान्य यांत ग्लुटेन हे प्रथिन असतं. कणकेला चिवटपणा येतो तो यामुळंच. काहींच्या अंगात जन्मतःच या आजाराकडे कल असतो. त्यांच्या पोटात ग्लुटेन गेलं, की शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याच्या आत अन्नरस शोषणारे मखमलीसारखे अंकुर असतात, ते झिजून सपाट होतात. मग खाल्लेलं अंगी लागणार कसं?

दुसऱ्या महायुद्धात, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, नेदरलँड्समध्ये पाव मिळेनासा झाला. त्या उपासमारीतही या आजाराची मुलं सुधारताना दिसली. डॉ. विलेम डिके यांचा गव्हावरचा संशय तिथं बळावला आणि १९५० सालच्या प्रबंधात त्यांनी तो सिद्ध करून दाखवला.

एक चूक माझ्या हातून होता होता राहिली, ती तुम्ही करू नका. शेजारणीच्या सांगण्यावरून मी तपासणीआधीच गहू बंद करणार होते. तसं केलं तर रक्ताची ‘टीटीजी’ तपासणी आणि दुर्बिणीतून घेतलेला आतड्याचा तुकडा, दोन्ही फसवे निघू शकतात. आधी तपासणी, मग पथ्य! निदान झालं, तर भावंडांचीही तपासणी करून घ्या.

यावर उपचार एकच : गहू, जव, राय जन्मभर वर्ज्य. ज्वारी, बाजरी, नाचणी, वरी, तांदूळ चालतात. पण गिरणीत गव्हाच्या पाठोपाठ दळलेली ज्वारी चालत नाही. बाजारच्या हिंगातही बरेचदा गव्हाचं पीठ असतं बरं का! आता मी तिचं पीठ घरच्या चक्कीवर दळते. तिचा तवाही निराळा ठेवलाय.

सासूबाईंना हे पटेना. ‘एका घासानं काय होतंय?’ म्हणत होळीला त्यांनी तिला पुरणपोळीचा तुकडा भरवला. मायेनंच हो! पण ती रात्र पोरीनं उलट्यांत काढली आणि सासूबाईंनी तिच्या उशाशी बसून. दोघीही एक शब्द बोललो नाही.

यंदाच्या होळीला मी स्वयंपाकघरात गेले, तर सासूबाईंनी तांदळाची उकड काढून तीत पुरण भरायला घेतलं होतं. मला म्हणाल्या, ‘हिंगाची डबी तेवढी लांब ठेव गं.’