जावयाची अंगठी

लातूर

चि. भाचीबाईस,


तुझा निरोप पोचला. तुझ्या लग्नात दाजी जावयाला तोळ्याची, वर लाल खड्याची अंगठी घालायची म्हणतात आणि तू म्हणतेस, मामा, तुम्हीच त्यांना समजवा. समजवतो. पण आधी तुला सांगतो, कारण नांदेडच्या सराफ्यात दाजींच्या शेजारी तू बसणार आहेस.

सोयाबीनचा 2025-26 चा हमीभाव होता क्विंटलला 5,328 रुपये. 2025 च्या एप्रिलात सोन्याचा भाव तोळ्याला लाखावर टेकला. (तोळा म्हणजे आता 10 ग्रॅम, आमच्या वडिलांचा तोळा साडेअकराच्या वर भरायचा.) लाखच धरला तरी एका अंगठीपायी अठरा-एकोणीस क्विंटल सोयाबीन गेलं. मोंढ्यात हमीभाव कितीदा पदरात पडतो, हे दाजींना मी काय सांगू? दोन-तीन एकरांची रास एका बोटात घालायची आणि वर घडणावळ, जीएसटी वेगळा. जावयाचा मान ठेवायलाच हवा, पण तो ग्रॅमवर का मोजायचा?

बरं, बोट कुणाचं आहे तेही बघ. जावईबापू स्वतः ट्रॅक्टर चालवतात, मळणीयंत्रावर उभे राहतात, संध्याकाळी कबड्डी खेळतात. गंजगोलाईजवळ पाटावर बसून मी सोनारकाम केलं, तेव्हा अशा हातांतल्या अंगठ्या दुरुस्तीला यायच्या. वरून झकास दिसायच्या. उलटी करून तळहाताकडची बाजू पाहिली की पट्टी कागदासारखी झालेली. खोऱ्याचा दांडा, स्टिअरिंग, पाण्याची बादली, सगळं तिथेच घासतं. सोनं झिजून कुठे गेलं, म्हणून गिऱ्हाईक माझ्याकडे संशयाने बघायचं! 22 कॅरेटमध्ये शंभरातले साडेएक्क्याण्णव भाग सोनं असतं, त्यामुळे ते मऊच. 18 कॅरेटमध्ये पाव भाग तांबं, चांदी वगैरे मिसळलेलं असल्याने ते जास्त कणखर. चार ग्रॅमच्या 18 कॅरेट अंगठीत निव्वळ सोनं तीनच ग्रॅम, म्हणजे दाजींच्या तोळ्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकं. मोडीत घालायला गेलं की 18 कॅरेटला भाव कमी येतो हे खरं, पण जावयाची अंगठी मोडीत घालायच्या विचाराने कोण घेतं? आणि घालायचीच वेळ आली तर सोन्याच्या प्रमाणात पैसे मिळतातच.

घडण साधी ठेवायची. जुन्या माणसांच्या बोटात असायचं तसं वेढं, अंगाने भरीव, आतल्या कडा गोल केलेल्या. ‘कमी वजनात मोठी दिसते’ असं म्हणून पोकळ अंगठी दाखवतील, ती घेऊ नकोस. एका ठोक्याला चेपते आणि पुन्हा झाळायला गेलं तर आतून बिघडते. खडा नकोच. विहीणबाईंनी हट्टच धरला तर बंद कोंदणात बसवून घे. चिमट्यांनी धरलेला खडा पोत्याच्या सुतळीतही अडकतो.

अडकण्यावरून एक गोष्ट सांगतो, लग्नाच्या पत्रात बरी दिसत नाही तरी. ट्रॉलीवरून उडी मारताना अंगठी फाळक्याच्या खिळ्याला अडकली तर अंगाचा सगळा भार त्या बोटावर येतो. कातडी सोलून निघते, कधी बोटच जातं. मळणीच्या पट्ट्याजवळ तर विचारूच नको. म्हणून कामाला जाताना अंगठी काढून खुंटीवर ठेवायची, हे तू पहिल्या दिवसापासून सांग. कबड्डीत तर पंच काढायलाच लावतात. रोज काहीतरी बोटात हवंच असेल तर सिलिकॉनची रबरी अंगठी मिळते, ती ताण पडला की तुटते आणि बोट वाचतं. हल्ली पोरं टंगस्टनची घेतात. तिला चरा पडत नाही, पण जोरात आपटली तर तडकते, आणि माप वाढवून घ्यायला कुठल्याच सोनाराकडे नेता येत नाही. आपल्याकडच्या माणसाचं बोट चाळिशीनंतर बऱ्याचदा जाड होतं.

स्वस्त आणि टिकाऊच बघायचं तर गुरुद्वाऱ्याच्या रस्त्यावर पोलादी कडी विकतात, ती बघ. तसलंच साधं कडं घालून लोक जन्मभर राबतात. पण सासऱ्याने पोलाद दिलं तर आपल्या भावकीत वर्षभर चर्चा चालेल, तेव्हा तो विषय राहू दे.

पेढीवर बसलीस की अंगठीच्या आतली बाजू बघायची. भारतीय मानक ब्युरोची खूण, शुद्धता (18 कॅरेटला 750) आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, हे तिन्ही हवेत. 1 एप्रिल 2023 पासून एचयूआयडीशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. तो क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये तिथल्या तिथे टाकून बघ. सराफाला राग आला तर येऊ दे. दोन ग्रॅमच्या आतल्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही, म्हणून फार हलकीही घेऊ नका. पक्क्या बिलात वजन, कॅरेट आणि घडणावळ वेगवेगळी लिहून घ्यायची.

माप मात्र दोऱ्याने घेऊन पाठवू नका, दोरा ताणला जातो. जावईबापूंनाच पेढीवर बोलाव, तेही संध्याकाळी, काम आटोपल्यावर. तेव्हा बोट थोडं सुजलेलं असतं. अंगठी पेरावरून जराशी अडत उतरली की माप बरोबर समजायचं.

दाजींना मी रविवारी फोन करतो. त्यांनी तोळ्याचा हट्ट सोडला तर उरलेले पैसे तुझ्या नावावर टाकायला सांगणार आहे. तू मध्ये बोलू नकोस. अक्काला नमस्कार सांग.

तुझा,
मामा