कोब्याची धूळ

पंगतीला वाढलेले पान डगमगू नये, तांब्या लवंडू नये आणि जमीन धुतल्यावर पाणी आपणहून मोरीकडे जावे, याहून अधिक अपेक्षा देवस्थानच्या अग्रशाळेतील जमिनीकडून कोणी करीत नाही. आमच्या परिचयाच्या एका देवस्थानात जुना कोबा एवढेही करीनासा झाला, तेव्हा समितीने तो घासून सपाट करण्याचे ठरविले आणि कंत्राटाचा मसुदा वकील म्हणून आमच्यापुढे ठेवला. दर, मुदत, विलंबाचा दंड असे सर्व काही त्यात होते. धुळीविषयी मात्र एक अक्षर नव्हते.

जमीन सपाट करण्याची रीत तशी अवघड नाही. लांब, सरळ पट्टी जमिनीवर ठेवावी. ती जेथे डुगडुगेल तेथे उंचवटा, जेथे तिच्याखालून उजेड दिसेल तेथे खळगा. थोडे पाणी ओतले की खळगे आपली साक्ष आपणच देतात. उंचवटे हिऱ्याच्या कणांचे चाक लावलेल्या यंत्राने घासावयाचे; खळगे स्वच्छ व खडबडीत करून भरून घ्यावयाचे. मोरीकडचा ढाळ मात्र राखावयाचा, कारण पाणसळीत तंतोतंत बसलेल्या जमिनीवरून पाणी हलत नाही. हे सर्व गवंडी आम्हांहून चांगले जाणतात.

ते बोलत नाहीत ते धुळीविषयी. काँक्रीटमधील वाळूत आणि खडीत गारगोटीचा अंश असतो. कोरडा कोबा घासला की त्याचे इतके सूक्ष्म कण उडतात की डोळ्यांना दिसणारी धूळ खाली बसल्यावरही ते हवेत तरंगत राहतात व फुप्फुसांच्या तळाशी जाऊन रुततात. त्यातून होणाऱ्या सिलिकोसिसवर उतारा नाही. काम सोडले तरी तो वाढू शकतो, क्षयाला वाट करून देतो, आणि पुष्कळदा त्याची गणनाही क्षयातच होते. १९९७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने ही धूळ कर्करोगकारक ठरविली. आणि आमचा घासकाम करणारा तरुण तोंडाला रुमाल बांधून निर्धास्त असतो! रुमाल भरड धूळ अडवितो. घातक कण त्यातून सुखेनैव आत जातात.

कायद्याने याची दखल घेतली नाही असे नाही. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात हा रोग व्यवसायजन्य म्हणून नोंदला गेला. पण रोग प्रकटतो अनेक वर्षांनी. तोवर मजुराने किती कंत्राटदार बदलले याचा हिशेब कोणी ठेवलेला नसतो; त्याच्याजवळ हजेरीपट नसतो, पगाराची चिठ्ठी नसते. मध्य प्रदेशातील अलिराजपूर, झाबुआ, धार या जिल्ह्यांतील आदिवासी गोध्र्याच्या परिसरात गारगोटी दळण्याच्या कामास गेले आणि शेकडोंनी या रोगाला बळी पडले. इंदूर-बडोद्याच्या वाचकांना ही गावे परकी नाहीत. त्यांपैकी २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपये देण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश २०१६ साली झाला. मूळ अर्ज २००६ चा होता. न्याय मिळाला, पण तो वारसांना. म्हणून आमचे मत असे की, या धुळीचा बंदोबस्त न्यायालयात नव्हे, कंत्राटाच्या कागदावरच झाला पाहिजे, आणि तो कागद लिहिणारे आपण आहोत.

आम्ही कलमे घातली ती फार नव्हती. घासताना चाकावर सतत पाणी असावे, किंवा यंत्राला धूळ तिथल्या तिथे ओढणारी, बारीक गाळणी बसविलेली नळी असावी. कोरडा केरसुणीचा हात मारू नये. अंगणात सडा घालून मगच झाडणाऱ्या आपल्या आयाबायांना हे सांगावे लागले नसते. चिखल वाळून पुन्हा धूळ होण्याआधी भरून न्यावा आणि तो देवळाच्या तळीत सोडू नये, कारण सिमेंटचे पाणी दाहक असते व मासे मारते. तोंडावर नीट बसणारा गाळणीचा मुखवटा, कानांना बोळे आणि डोळ्यांना चष्मा यांचा खर्च समितीने सोसावा.

या खर्चाला कोणी हरकत घेतली नाही. वाद झाला तो निराळ्याच मुद्द्यावर. ओल्या जमिनीवर विजेचे यंत्र चालवावयाचे, तर गळती होताच प्रवाह तोडणारी कळ हवी आणि पायांत रबरी बूट हवेत. पण अग्रशाळा पादत्राणे काढण्याच्या रेषेच्या आत येते. एका वयोवृद्ध सभासदांना हे रुचेना. त्यांची श्रद्धा खरी होती, म्हणून आम्ही वकिली केली नाही. अनवाणी माणूस पाण्यात उभा राहून वीज हाताळणार आहे, एवढेच सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "नवे कोरे बूट आणा, बाहेर वापरू नका, आणि काम संपेपर्यंत आतच ठेवा." हे कलम आम्ही त्यांच्याच शब्दांत मसुद्यात घातले.