पवईच्या तलावाकाठी एक महिना

शाळेला उन्हाळ्याच्या सुट्या लागल्या, त्याच आठवड्यात आम्ही अम्मींना घेऊन मुंबईला निघालो. अंजनगाव सुर्जीहून बसने अकोला, अकोल्याहून रात्रीची रेल्वे, सकाळी कल्याण, तिथून लोकलने कांजूरमार्ग आणि शेवटी रिक्षा. आम्ही दोघे, दोन मुले आणि अम्मी. जाण्याचे कारण अम्मींचे गुडघे. आमच्याकडे हाडांच्या मोठ्या डॉक्टरला दाखवायचे तर अमरावती गाठावी लागते, आणि दर आठवड्याला ते अम्मींना झेपत नाही. धाकटा भाऊ मुंबईत पवईला राहतो. त्याचे म्हणणे होते, "भाईजान, सगळे या, महिनाभर राहून बघा. पटले तर अम्मी कायम इथेच राहतील." 'कायम' हा शब्द ऐकून अम्मी गप्प राहिल्या. आम्हीही गप्पच राहिलो.

भावाचे घर एकोणिसाव्या मजल्यावर आहे, भाड्याचे. दोन खोल्या, एक बैठक आणि बैठकीच्या खिडकीत अख्खा तलाव. मुले पहिले दोन दिवस त्या खिडकीतून हललीच नाहीत. सकाळी पाण्यावर पांढरे बगळे उतरतात, पाणकावळे पंख पसरून वाळत बसतात. या पाण्यात मगरीही आहेत. काठाला 'पाण्यात उतरू नका' अशी पाटी पाहिल्यावर धाकट्याने रोज संध्याकाळी मगर शोधण्याचा नेम धरला. महिनाभरात एकदाच त्याने ओरडून बोट दाखवले. ते लाकूड निघाले.

वसाहतीची चांगली बाजू आधी सांगितली पाहिजे. रस्ते रुंद, पदपथ खरोखरच पायी चालण्यासाठी मोकळे, दोन्ही बाजूंना झाडे. रात्री दहा वाजता मुली एकट्या फिरायला निघतात आणि कोणी मान वळवून बघत नाही. आमची नववीतली मुलगी तिसऱ्या दिवशी म्हणाली, "इथे आपण चालतो ना, तेव्हा कोणी विचारत नाही कुठे चालली म्हणून." त्यात तिला किती सुटल्यासारखे वाटले, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होते. दवाखाना हाकेच्या अंतरावर. पंधरा दिवसांच्या व्यायामाने अम्मी खुर्चीला हात न लावता उठू लागल्या. अल्हम्दुलिल्लाह, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले.

इमारती उंच, खांबांच्या, कमानींच्या, जुन्या रोमन वाड्यांसारख्या. या 'हिरानंदानी गार्डन्स'चे वास्तुरचनाकार हाफिज कॉन्ट्रॅक्टर. नाव ऐकून अम्मी खूश झाल्या, "आपलेच कोणी दिसतात." ते पारशी आहेत हे भावाने सांगितल्यावर त्यांचा जरा हिरमोड झाला. योगायोग असा की, एकोणिसाव्या शतकात ही पवईची जमीन फ्रामजी कावसजी या पारशी गृहस्थांकडेच होती आणि त्यांनी इथे शेतीवाडी फुलवली होती.

तलावही माणसानेच केलेला. मुंबईला पाणी कमी पडू लागले म्हणून इंग्रजांनी 1890 साली तो बांधून पूर्ण केला. तेव्हा खर्च आला सुमारे 12 लाख 59 हजार रुपये. पूर्ण भरला की त्यात 545 कोटी लीटर पाणी मावते. पण आज हे पाणी कोणी पीत नाही. आजूबाजूचे सांडपाणी येऊन मिळाले, जलपर्णी माजली आणि पाणी फक्त कारखान्यांच्या वापरापुरते उरले. संध्याकाळी वारा फिरला की एकोणिसाव्या मजल्यापर्यंत वास येतो. मग शेजारपाजारच्या खिडक्या एकामागून एक बंद होताना ऐकू येतात.

शाळेत आम्ही शिकवतो की माणसाने पाण्याकाठी वस्ती केली. इथे वस्ती पाण्याकाठी आहे आणि नळाचे पाणी येते भातसा, तानसा, वैतरणेकडून. मुंबईला पिण्याचे पाणी देणारे सात तलाव आहेत, त्या सातांत पवई नाही. येताना रेल्वेने कसारा घाट उतरलो तो शहापूर तालुका. मुंबईच्या पाण्यातले मोठे पाणी त्याच भागातून येते, आणि तिथल्याच कितीतरी पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो.

आम्हाला हे लगेच समजते, कारण आम्ही खारपाणपट्ट्याच्या काठावरची माणसे. आमच्या तालुक्यातल्या आणि दर्यापूरकडच्या कितीतरी गावांत विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही. सातपुड्याच्या पायथ्याला शहानूर धरण झाले म्हणून आमच्या घरी गोडे पाणी येते, तेही रोज नाही. नळ येण्याच्या दिवशी सगळी गल्ली जागी असते. अम्मी वुजूला एक लोटा घेतात आणि त्यातलेही उरवून तुळतुळीत पानांच्या मोगऱ्याला घालतात. वाहत्या नदीच्या काठी बसलो तरी पाणी वाया घालवू नये ही शिकवण त्यांनी आम्हाला पुस्तकातून दिली नाही, त्या लोट्यातून दिली. पवईत त्यांना न्हाणीघरातल्या गरम-गार पाण्याच्या चकचकीत तोटीचे मोठे ओझे वाटे. गरम पाणी येईपर्यंत जे थंड वाहून जाते, त्याच्याखाली त्या बादली लावून ठेवत. ती बादली बघून भावजय आधी हसली, नंतर तीही लावू लागली.

आता घराविषयी. भावाला हे घर सहज मिळालेले नाही. पगार चांगला, नोकरी नावाजलेली, अनामत रक्कम तयार. फोनवर सगळे ठरायचे आणि नाव सांगितले की दलालाचा आवाज बदलायचा. "मालकांचा विचार बदलला आहे." "सोसायटीची अडचण आहे." असे सात वेळा झाले. आठव्या घराचे मालक एक निवृत्त अधिकारी निघाले. त्यांनी नाव विचारले, चहा पाजला आणि किल्ली दिली. पण करार अकरा महिन्यांचा. दर वर्षी तो संपत आला की भाऊ आणि भावजय रात्री हळू आवाजात बोलतात. हे सगळे भावाने आम्हाला इतकी वर्षे सांगितले नव्हते. अम्मींना तर आजही सांगितलेले नाही. जिथे त्यांना 'कायम' ठेवायचे, तिथे त्याचाच मुक्काम अकरा महिन्यांचा आहे.

आमच्या गावाचे नाव इतिहासाच्या पुस्तकात एका करारामुळे आले. 30 डिसेंबर 1803 रोजी दौलतराव शिंदे आणि इंग्रज यांच्यात सुर्जी-अंजनगावचा तह झाला. पवईच्या या वसाहतीच्या मुळाशीही एक करार आहे. 1986 साली राज्य सरकार, मुंबईचे विकास प्राधिकरण आणि विकासक यांच्यात तो झाला. सुमारे 230 एकर जमीन नाममात्र दराने द्यायची आणि तिच्यावर 40 आणि 80 चौरस मीटरची, मध्यम मिळकतीच्या माणसांना परवडणारी घरे उभी राहायची, असे ठरले होते. घरे झाली ती मोठी आणि महाग. लोक न्यायालयात गेले, आणि 2012 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ठरलेली लहान घरे आधी बांधा असा आदेश दिला. भावाने गंमत म्हणून हिशेब केला. अंजनगावचे आमचे अंगणासकट घर विकले तर इथे एका स्वयंपाकघराएवढी जागाही येणार नाही. 40 मीटरच्या त्या घरात एखादा मास्तर राहू शकला असता, असे मात्र आम्हाला वाटून गेले.

भावाकडे कामाला येणाऱ्या बाई मराठी बोलतात. पहिल्याच दिवशी अम्मींनी कान टवकारले. "कोणत्या गावची वं बाई तू?"

"मेहकरची. बुलडाण्याकडली."

"मंग त आपल्याच मुलुखातली हायेस!"

त्या दिवसापासून अम्मी त्यांना चहा पाजल्याशिवाय सोडत नसत. बाई जवळच्याच एका वस्तीत राहतात. सकाळी सार्वजनिक नळावर रांग लावून पाणी भरायचे आणि मग सात घरची भांडी. एकदा खिडकीतून त्यांनी बोट करून दाखवले, जयभीम नगर कुठे होते ते. 6 जून 2024 रोजी, ऐन पावसाच्या तोंडावर, तिथली शेकडो घरे पाडली गेली आणि कुटुंबे पदपथावर आली. पुढे उच्च न्यायालयाने त्या पाडकामाच्या चौकशीसाठी विशेष पथक नेमायला लावले. ज्या मोकळ्या पदपथांचे आम्ही कौतुक करत होतो, त्यांतल्याच पदपथांवर लेकरेबाळे पावसात राहिली. त्यानंतर त्या रस्त्याने फिरताना आमची मुलगी पहिल्यासारखी बोलली नाही.

शेवटी शेजाराविषयी. मजल्यावर चार दारे, चारही बंद. तीन वर्षांत भावाला समोरच्यांचे नाव ठाऊक नव्हते. अम्मींना हे काही केल्या समजेना. आमच्याकडे दार दिवसभर उघडे, चुलीवर काही वेगळे शिजले तर चार घरी वाटी गेलीच पाहिजे. शेजाऱ्याचा हक्क आपल्यात फार मोठा मानला आहे. एका दुपारी त्यांनी गव्हाची खीर केली आणि मुलीच्या हाती तीन वाट्या पाठवल्या. एक दार उघडलेच नाही. दुसऱ्या घरातल्यांनी वाटी घेतली, धुऊन रिकामी परत दिली. समोरच्या दारातून एक वयस्क बाई आल्या, वाटी घेतली आणि काही न बोलता दार लावले.

चौथ्या दिवशी त्या आल्या. वाटीत हापूसच्या फोडी होत्या. रिकामी वाटी परत द्यायची नसते, असे त्यांची आई सांगायची म्हणे. मुलगे दोघेही अमेरिकेत, यजमान गेलेले, आणि त्यांचेही गुडघे दुखतात. त्या तामिळ, आमच्या अम्मी वऱ्हाडी. दोघींची भाषा हिंदीच्या दहा-बारा शब्दांत भागायची. तरी संध्याकाळी दोघी लिफ्टने खाली उतरून तलावाकडच्या बाकावर बसू लागल्या. वास आला की दोघी एकदमच पदर नाकाला लावत.

सुटी संपत आली. निघण्याच्या आदल्या रात्री भावाने विषय काढला. आम्ही म्हणालो, अम्मींनीच सांगावे. अम्मी बराच वेळ तसबीह फिरवत बसल्या. मग म्हणाल्या, "गुडघे पूर्ण बरे होईस्तोवर राहते. थंडीत घरी येईन. मोगऱ्याला विसरू नका." भावाने मान खाली घातली. त्याच्या डोळ्यांत आनंद होता की काळजी, ते आम्हाला कळले नाही. करार संपायला तेव्हा चार महिने उरले होते.

आम्ही परतलो. पहिल्यांदाच अम्मींशिवायच्या घराचे कुलूप उघडले. आता रोज मगरिबनंतर फोन येतो. त्या शेजारणीची खबर सांगतात, मेहकरच्या बाईची सांगतात. तलावाविषयी काही सांगत नाहीत. आणि सलाम झाल्यावर पहिला प्रश्न रोज एकच असतो, "नळ आले होते का?"