आबुराव आणि लक्ष्या

भिवंडीच्या धामणकर नाक्यावर रिक्षाची वाट पाहत असता चहाच्या टपरीतील टीव्हीवर ‘अशी ही बनवाबनवी’ लागलेला आम्ही मध्यंतरी पाहिला. भोवती यंत्रमागांवरचे कामगार होते. त्यांतल्या कित्येकांची मातृभाषा तेलुगू वा हिंदी. तरीही परशाची ‘पार्वती’ पदर सावरीत आली मात्र, सारे एकदम खळखळून हसले. चित्रपट १९८८ चा. हसविणारा लक्ष्मीकांत बेर्डे १६ डिसेंबर २००४ रोजी, अवघ्या पन्नाशीत, मूत्रपिंडाच्या विकाराने निवर्तला.

मुंबई मराठी साहित्य संघात नोकरी करता करता या गृहस्थाने किरकोळ भूमिकांवर हात घासून घेतला. १९८३ मधील ‘टुरटूर’ने नाव झाले, १९८५ च्या ‘धूमधडाका’ने तो घरोघरचा ‘लक्ष्या’ झाला. हिंदीने मात्र त्याला बहुधा नायकाचा नोकर किंवा सोबती एवढीच जागा दिली. ‘हम आपके हैं कौन’मधील लल्लू आठवावा. त्या चिमूटभर जागेतही तो उठून दिसतो, हे आम्हांस विशेष वाटते.

पण आमच्या मते त्याची खरी कसोटी १९९२ साली लागली. जब्बार पटेल यांचा ‘एक होता विदूषक’ आला. पटकथा-संवाद पु. ल. देशपांडे यांचे, गीते ना. धों. महानोरांची. तमाशातील नर्तकीच्या पोटी जन्मलेला आबुराव सोंगाड्या म्हणून नाव काढतो, सिनेमात जातो, सत्तेच्या वळचणीला बसतो आणि शेवटी स्वतःच्या लेकीच्या ओठांवर हसू आणणे त्याला जड जाते. लक्ष्मीकांताचा चेहरा येथे स्थिर आहे. नेहमीची लगबग नाही, डोळे गरागरा फिरविणे नाही. विनोदी नटाने हातातली हुकमी अस्त्रे खाली ठेवणे किती अवघड, हे व्यासपीठावर बोलणाऱ्या आमच्यासारख्यांना तरी सांगावे लागू नये!

चित्रपटाला उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. प्रेक्षक मात्र फिरकले नाहीत; त्यांना रडवणारा लक्ष्या नको होता. पुढच्याच वर्षी ‘झपाटलेला’ आला. रामदास पाध्ये यांनी घडविलेल्या तात्या विंचू नामक बाहुल्याला भिऊन लक्ष्या पुन्हा धावू लागला, आणि चित्रपटगृहे पुन्हा भरली.