कंपवात आणि भांगेचें तेल

घरांत दुखणेकरी असला म्हणजे वैद्यांस तोटा नसतो. आमच्या वडील बंधूंच्या उजव्या हातास कंप सुटून आतां सहा वर्षें झालीं. पार्किन्सन नामक इंग्रज वैद्यानें १८१७ त वर्णिलेला तोच हा रोग. या सहा वर्षांत आमच्या ओसरीवर जे उपाय सांगितले गेले, त्यांचा एक निघंटु सहज व्हावा. त्यांतला अगदीं ताजा भांगेच्या तेलाचा. पुतण्यानें परदेशांतील कोणा रोग्याचें चलच्चित्र दाखविलें: जिभेखालीं चार थेंब, आणि थरथरता हात स्थिर! दादांनीं तें तीन वेळां पाहिलें, आणि मग आमच्याकडे पाहिलें. त्या दृष्टीस उत्तर देणें प्राप्तच होतें.

कल्पना कांहीं नवी नव्हे. लंडनच्या गॉवर्स यांनीं १८८८ च्या आपल्या ग्रंथांत कंपावर हिंदी भांगेचा उल्लेख केलेला आहे. पण २००४ त इंग्लंडांत १९ रोग्यांना कांहीं काळ भांगेचा अर्क व कांहीं काळ निव्वळ पोकळ औषध देऊन पाहिलें, तेव्हां गोळ्यांच्या परिणामानें अंगास येणारे हेलकावे तसूभरही कमी झाले नाहींत. उलट भांगेनें रक्तदाब उतरतो, बुद्धीस भ्रम पडतो. आणि ज्याचा तोल आधींच जातो, त्यास एक पडणें म्हणजे खुब्याचें हाड! १९८५ च्या कायद्यानें गांजा व चरस वर्ज्य करून भांगेचीं पानें मोकळीं ठेविलीं. परंतु कायद्यानें सोडिलें तें प्रकृतीस मानवेलच असें थोडेंच आहे?

त्याहून कुहिलीची गोष्ट आम्हांस अधिक मोलाची वाटते. दादांच्या गोळींत जें लिव्होडोपा असतें, तेंच या खाजऱ्या शेंगेच्या बियांत असल्याचें दामोदरन् व रामस्वामी यांनीं १९३७ त दाखविलें. म्हणजे आमचे वैद्यबुवा अगदींच हवेंत बोलत नव्हते. मात्र गोळी चालू असतां वर बियांचें चूर्ण घेणें म्हणजे एकच औषध दोनदां, आणि तेंही न मोजतां, घेणें होय.

हें सर्व आम्हीं दादांस सांगितलें. ते म्हणाले, “हात तुझा नव्हे रे.” यावर आम्हांस बोलतां आलें नाहीं. डॉक्टरांस विचारल्यावांचून बाटली उघडावयाची नाहीं, एवढेंच ठरलें.

सध्यां सायंकाळीं वहिनी तबल्याची ध्वनिमुद्रिका लावितात. उंबऱ्याशीं खिळणारें दादांचें पाऊल ठेक्यावर सुटतें. वहिनी मात्रा मोजतात, आणि चौथीवर ते अंगणांत येतात. तेलाचा विषय त्यांनीं अद्याप सोडलेला नाहीं.