पोपटाची भाजी आणि बेचा पाढा

मैत्रिणींनो, नागपूर पाहायला आलेल्या पाहुण्यांना आम्ही काय दाखवतो, ते तुम्हाला ठाऊकच असेल. झिरो माइलचा खांब आणि त्याच्याजवळचे चार घोडे, दीक्षाभूमीचा स्तूप, सीताबर्डीचा बाजार, संध्याकाळी फुटाळा तलावावरची हवा आणि परत जाताना पिशवीत संत्र्याची बर्फी. एवढं झालं की पाहुणे म्हणतात, "झालं हो तुमचं नागपूर पाहून!" मला मात्र दरवेळी वाटतं, की खरं नागपूर राहूनच गेलं. ते असतं पहिलीच्या वर्गात. नाक पुसत, पेन्सिल चावत आणि एकमेकांची तक्रार करत बसलेलं.

मी मूळची साताऱ्याकडची. लग्न होऊन इकडे आले आणि जुन्या नागपुरातल्या एका शाळेत पहिली-दुसरीला शिकवू लागले. त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. या वर्षांत माझ्या सहा-सात वर्षांच्या गुरुजींनी मला जे नागपूर दाखवलं, ते आज तुम्हाला दाखवते.

सुरुवात अर्थातच उन्हापासून! उरलेल्या महाराष्ट्रात जूनच्या मध्यावर शाळेची घंटा वाजते, पण विदर्भात त्यासाठी जूनचा शेवटचा आठवडा उजाडावा लागतो. मे महिन्यात इथला पारा ४५ अंशांपर्यंत सहज चढतो, आणि २०१३ च्या मे महिन्यात तर तो ४७ च्याही वर गेला होता. अशा गावात ऋतूंचा पाठ शिकवायचा म्हणजे गंमतच असते. "उन्हाळा संपला हे आपल्याला कशावरून कळतं?" असं विचारलं, तर पुस्तकातलं उत्तर आहे, आकाशात ढग येतात. माझ्या वर्गातलं उत्तर होतं, "बाबा कूलर पुसून माळ्यावर ठेवतात, त्यावरून!" आता सांगा, यात चूक काय आहे? नागपूरच्या घराचं पंचांग कूलरवरच चालतं.

एप्रिलमध्ये सकाळची शाळा असते. एकदा वर्गात कांद्याचा असा वास सुटला, की मला वाटलं कोणाचा तरी डबा सांडला. शोधता शोधता वास एका चिरंजिवांच्या खिशाशी जाऊन थांबला. आत अख्खा कांदा! "आजीनं देल्ला, ऊन लागू नये म्हणून." खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही, ही इथली जुनी समजूत. कांद्यानं ऊन अडत नाही, त्याला पाणी, कैरीचं पन्हं आणि डोक्यावर रुमालच हवा, हे मी वर्गाला समजावून सांगितलं. त्यावर तो गंभीरपणे म्हणाला, "मंग आजीले तुम्हीच सांगा." मैत्रिणींनो, इतका मुत्सद्दीपणा मोठ्या माणसांतसुद्धा दुर्मीळ!

शेजारच्या मुलाला विचारलं, "तू कुठे राहतोस रे?" तर ऐटीत उत्तर आलं, "महालात." नवख्या माणसाला वाटेल, राजपुत्रच भेटला. पण महाल हा नागपूरचा जुना भाग. नागपूरकर भोसल्यांची राजधानी इथे होती आणि त्यांच्या वाड्यांवरून भागालाच महाल नाव पडलं. त्यामुळे दोन खोल्यांत राहणारं पोरही इथे महालात राहतं!

आता येऊ या स्वयंपाकघराकडे. भाज्यांचा तक्ता भिंतीवर लावून मी विचारते, "ही कोणती भाजी?" सगळा वर्ग एका सुरात ओरडतो, "सांबार!" तुमच्या डोळ्यांपुढे इडली आली असेल, पण चित्र असतं कोथिंबिरीचं. इकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, आणि हिवाळ्यात त्याचीच खमंग सांबारवडी होते. शेंगदाणे म्हणजे फल्लीदाणे, बटाटा म्हणजे आलू. हे एकवेळ पचतं. पण पक्ष्यांचा पाठ चालू असताना मी विचारलं, "पोपट काय खातो?" कोणी म्हणालं पेरू, कोणी म्हणालं मिरची. आणि मागच्या बाकावरून एक चिमुरडी उठून म्हणाली, "बाई, आम्हीच पोपट खातो. आई वांग्यात टाकते." माझ्या जागी दुसरी कोणी नवी बाई असती, तर तिला घेरीच आली असती! तर मैत्रिणींनो, घाबरू नका. वालाच्या हिरव्या शेंगांना इकडे पोपटाच्या शेंगा म्हणतात. वांगी-पोपटाची भाजी म्हणजे हिवाळ्यातला खास वैदर्भीय बेत.

बोलण्याची तऱ्हाही निराळी. "मी येऊन राहिलो", "तो मले मारून राहिला", "तू काय करून राहिली?" हिंदीतल्या 'कर रहा हूँ'ची सावली या 'राहिलो'वर स्पष्ट दिसते, आणि त्याला इतिहास आहे. नागपूर ही पूर्वी मध्य प्रांताची राजधानी होती. हिंदी आणि मराठी मुलूख एकाच कारभाराखाली नांदत होता. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. कागदावरच्या सीमा एका दिवसात बदलतात हो, पण जिभेवरच्या कशा बदलणार?

याच जिभेनं एकदा माझ्या वर्गात भांडण लावलं. नागपुरात 'बे' हा शब्द 'अरे'च्या जागी सर्रास वापरतात, 'काय बे', 'चल बे' असा. थोडा उद्धटच. वर्गात आम्ही "बे" म्हणायचं नाही, असा नियम केला होता. दुसऱ्या दिवशी एक जण रडवेला होऊन माझ्यापाशी आला, "बाई, हा मले केव्हापासून बे म्हणून राहिला!" आरोपीला बोलावलं. तो छाती पुढे काढून म्हणाला, "मी त्याले नाही म्हटलं. मी पाढा पाठ करून राहिलो. बे एके बे, बे दुणे चार!" खटला तिथेच निकाली निघाला.

आणि समुद्र! नागपूरहून मुंबई रेल्वेनं आठशे किलोमीटरहून लांब. बहुतेक मुलांनी समुद्र पाहिलेला नसतो. "किती मोठा असेल बरं समुद्र?" असं विचारल्यावर बराच हिशेब करून एकानं सांगितलं, "दोन अंबाझरी आणि एक फुटाळा." अंबाझरी आणि फुटाळा हे आमच्या गावातले तलाव. ज्याला जे माप ठाऊक, त्यानंच तो मोजणार. आपणही वाटीनंच तांदूळ मोजतो की!

श्रावण अमावास्येला पोळा झाला की दुसऱ्या दिवशी नागपुरात दोन गोष्टी होतात. एक म्हणजे तान्हा पोळा, म्हणजे मुलांचा पोळा. चाकं लावलेले लाकडी बैल सजवून मुलं घरोघर फिरवतात आणि बोजारा, म्हणजे खाऊला पैसे, मिळवतात. "बाई, माझा बैल यंदा येणार नाही, त्याचं चाक पंक्चर आहे," अशी रजाचिठ्ठी मी बैलाच्या वतीनं ऐकलेली आहे. त्याच दिवशी मारबतीची मिरवणूक निघते. काळी आणि पिवळी अशा दोन भल्यामोठ्या मारबती गावातून नेतात, त्यांच्यासोबत नाना विषयांवरचे बडगे असतात, आणि गावाची रोगराई, ईडापीडा त्यांच्याबरोबर घालवून देतात. ही प्रथा शंभराहून अधिक वर्षांची आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी मी वर्गात विचारलं, "मारबतीबरोबर तुम्ही काय पाठवणार?" खोकला, डास, ताप अशी शहाणी उत्तरं आली. शेवटी एक हात हळूच वर झाला, "बाई, सातचा पाढा जाईल का?"

तुम्ही हसलात ना? हसायलाच हवं. पण इथेच मला तुमच्याशी एक गोष्ट बोलायची आहे. मुलाच्या बोलण्यानं आपल्याला हसू येणं वेगळं आणि मुलाला हसणं वेगळं. त्यातला फरक मोठ्यांना अनेकदा कळत नाही. मुलाला मात्र तत्काळ कळतो.

एका वर्षी काटोलकडच्या गावातून एक मुलगी वर्गात आली. वडिलांना शहरात काम लागलं होतं. पोरगी मोठी गोड आणि बडबडी. एकदा टोमॅटोचं चित्र पाहून ती उत्साहानं म्हणाली, "भेद्रं!" वऱ्हाडी बोलीत टोमॅटोला भेद्रं म्हणतात. वर्ग खो खो हसला. गंमत पाहा, कोथिंबिरीला सांबार म्हणणारी मुलं भेद्र्याला हसत होती! मी वर्ग गप्प केला, पण त्याबरोबर ती मुलगीही गप्प झाली. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, दिवाळीच्या सुट्टीपर्यंत तिनं वर्गात तोंड उघडलं नाही. लिहायची सगळं, मान डोलवायची, पण शब्द नाही.

सुट्टीनंतर तिची आई भेटायला आली. पदर सावरत दारातच उभी राहिली. "बाई, मीच सांगितलं तिले, शाळेत आपलं बोलू नको म्हणून. लोकं हासतात. मलेही हासतात." मैत्रिणींनो, हे ऐकून माझ्या पोटात तुटलं. पोरीनं शब्द गिळले होते, कारण आईनं आधीच आपले गिळले होते.

मी त्यांना विचारलं, "तुमच्या गावी संत्र्याच्या बागा ना? मग एकदा वर्गात येऊन मुलांना संत्र्याची गोष्ट सांगाल का? तुम्ही घरी बोलता तशीच सांगा." त्या आधी नको नको म्हणाल्या. पण आठवड्याभरानं आल्या, आणि पिशवीभर संत्री घेऊन आल्या. त्यांनी सांगितलं, की संत्र्याला दोन बहार असतात. एक आंबिया, त्याची फळं दिवाळीच्या आगेमागे हाती येतात. दुसरा मृग, त्याची फळं उन्हाळा लागता लागता येतात. आणि बहार यावा म्हणून थंडीत काही दिवस झाडाचं पाणी तोडतात. त्याला म्हणतात ताण देणं. एकानं विचारलं, "तहान लागली तर झाड रडतं का?" त्या म्हणाल्या, "रडते ना बाप्पा! पानं सुकवते, तेच त्याचं रडणं." सारा वर्ग चिडीचूप. इतकं चित्त देऊन मुलांनी माझं कधी ऐकलं नव्हतं.

मग पुढच्या बाकावरचा एक शहाणा म्हणाला, "आंबिया म्हणजे आंबाच ना?" आणि कोपऱ्यातून खणखणीत आवाज आला, "आंबा नाही बे, आंबिया!"

तीच ती. वर्गाचा नियम मोडून बोलली, पण बोलली! मुलं हसली, तीही हसली, तिची आईसुद्धा पदराआडून हसली. त्या दिवशी 'बे'ला मी शिक्षा केली नाही.

त्यानंतर आम्ही फळ्यावर दोन रकाने आखले. एकात घरचा शब्द, दुसऱ्यात पुस्तकातला. सांबार आणि कोथिंबीर, फल्लीदाणे आणि शेंगदाणे, भेद्रं आणि टोमॅटो. मुलं घरी जाऊन आजीकडून शब्द गोळा करून आणू लागली. आणि पुस्तकातले शब्द? तेही पटापट शिकली, कारण त्यांच्याजवळचं कोणी काही काढून घेत नव्हतं. पुण्याच्या पाठ्यपुस्तक मंडळाचं, म्हणजे १९६७ साली निघालेल्या बालभारतीचं, मराठी शाळांचं पुस्तक कोकणापासून गडचिरोलीपर्यंत सगळीकडे जातं. त्याची भाषा सगळ्यांना कळेल अशी एकसारखी ठेवावीच लागते. पण त्या भाषेपर्यंत चालत यायला मुलाला स्वतःच्या अंगणातूनच निघावं लागतं ना?

हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. आमच्यापासून पाऊणशे किलोमीटरवर वर्धा आहे. तिथे ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली होती. मुलांचं शिक्षण मातृभाषेतूनच व्हावं आणि ते हाताच्या कामाशी जोडलेलं असावं, असं तिथे ठरलं. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंही शक्य असेल तिथे निदान पाचवीपर्यंत घरच्या किंवा परिसराच्या भाषेतून शिकवावं, असं म्हटलं आहे. मोठ्या परिषदा आणि धोरणं जे सांगतात, ते आपण घरात बसून रोज करू शकतो.

कसं ते सांगते. मूल एखादा निराळा शब्द बोललं, तर "असं नाही म्हणायचं" असं म्हणू नका. "हो, आणि पुस्तकात त्याला असंही म्हणतात" एवढंच म्हणा. फडताळात नवी वाटी आली म्हणून आपण आजीची पितळी वाटी फेकून देत नाही, दोन्ही राहतात. दुसरं, मुलाची फजिती त्याच्यासमोरच पाहुण्यांना सांगू नका. पाहुणे हसून जातात, पण मूल पुढच्या वेळी बोलताना विचार करतं. आणि तिसरं, हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानावर मुलांचे असे शब्द, अशी उत्तरं तारखेनिशी लिहून ठेवा. पुढे तुमची लेक सासरी जाईल किंवा मुलगा परगावी नोकरीला जाईल, तेव्हा जुन्या साड्यांइतकंच हे पान तुम्हाला जिवापाड जपावंसं वाटेल.

आणि हो, नागपूरला याल तर हिवाळ्यात या. हवा छान असते आणि संत्री गोड असतात. भाजीबाजारात जाऊन ऐटीत सांबाराची जुडी मागा. कोणा मैत्रिणीकडे जेवायला गेलात आणि तिनं ताटात पोपटाची भाजी वाढली, तर दचकू नका. वाटी पुढे करा आणि म्हणा, "उलीशी अजून वाढा!"