बदलायचा फक्त एक बोर्ड

आयर्लंड किंवा इंग्लंडमध्ये मोटारींच्या भंगाराच्या आवारात तिसऱ्या पिढीची, म्हणजे २०१० च्या आसपासची टोयोटा प्रियस सापडायला फार शोधाशोध करावी लागत नाही. टॅक्सी म्हणून झिजलेली किंवा अपघातात चेपलेली एखादी तरी उभी असतेच. बहुतेक गिऱ्हाइकं दिवे, दारं, बंपर न्यायला येतात. क्वचित एखादं मात्र थेट बॉनेटपाशी जातं आणि नारिंगी केबल जोडलेली ॲल्युमिनियमची पेटी मागतं. ही पेटी म्हणजे गाडीचा इन्व्हर्टर. मागणाऱ्याच्या गॅरेजमध्ये इंजिन काढलेली एखादी जुनी गाडी उभी असते आणि तिला विजेवर चालवायचं त्याच्या मनानं घेतलेलं असतं.

त्या पेटीत काय काय आहे हे पाहिलं की या मागणीचं नवल वाटत नाही. प्रियसची बॅटरी २०१.६ व्होल्टची. पेटीतलं बूस्ट सर्किट तो दाब ६५० व्होल्टपर्यंत चढवतं. पुढे तीन फेजचे दोन स्वतंत्र ब्रिज आहेत, एक जनरेटरसाठी आणि एक चाकं ओढणाऱ्या मोटरसाठी. शिवाय गाडीचे दिवे, वायपर आणि १२ व्होल्टची बॅटरी सांभाळणारा कन्व्हर्टरही याच पेटीत. एवढा दाब चढवायचं कारण मोटरमध्ये आहे. दुसऱ्या पिढीच्या प्रियसची मोटर ५० किलोवॉटची होती, ४०० न्यूटन-मीटर टॉर्कची, मिनिटाला ६,००० फेऱ्यांपर्यंत फिरणारी. तिसऱ्या पिढीत ताकद ६० किलोवॉटवर गेली, टॉर्क मात्र २०७ न्यूटन-मीटरवर आला आणि फेऱ्या १३,५०० झाल्या. मोटर लहान करून जोरात फिरवायची आणि गिअरने वेग उतरवायचा, असा तो हिशेब होता. वेगाने फिरणारी मोटर उलटा दाबही तेवढाच निर्माण करते, त्यावर मात करायला बस, म्हणजे ब्रिजना वीज पुरवणारी मुख्य डीसी लाइन, ६५० व्होल्टची लागते. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने दोन्ही पिढ्यांचे भाग सुटे करून, मोजून-तपासून अहवाल प्रसिद्ध केले. गॅरेजमध्ये काम करणाऱ्यांना ते आयते नकाशे मिळाले.

अडचण वेगळीच होती. पेटी घरी आणून वीज जोडली तरी ती ढिम्म हलत नाही. हायब्रिड कंट्रोल युनिटचा हुकूम आल्याशिवाय तिने काही करू नये अशीच तिची रचना आहे, आणि ते युनिट तर गाडीबरोबर भंगारात राहिलेलं असतं.

दुसऱ्या पिढीत हे कोडं तसं सोपं होतं. तिथे मोटर चालवणारा कंट्रोलर पेटीबाहेर होता, त्यामुळे प्रत्येक फेजचा स्विचिंग सिग्नल कनेक्टरच्या पिनवर हाताला लागायचा. तिसऱ्या पिढीत टोयोटाने तो कंट्रोलर पेटीतच बसवला आणि बाहेर फक्त दोन कॉम्प्युटरांचं आपापसातलं बोलणं उरलं. यावर जर्मनीतल्या योहानेस ह्यूबनर आणि आयर्लंडमधल्या डेमियन मॅग्वायर यांच्या मुक्त प्रकल्पातून जो मार्ग पुढे आला, तो या क्षेत्रातला अतिशय समंजस निर्णय म्हणावा लागेल. झाकण उघडायचं, टोयोटाचा कंट्रोल बोर्ड काढायचा आणि त्याच जागी, त्याच स्क्रूंच्या भोकांवर, त्याच कनेक्टरवर आपला बोर्ड बसवायचा. नव्या बोर्डावर एसटीएम३२ जातीचा, सहज मिळणारा मायक्रोकंट्रोलर असतो आणि त्यातला प्रोग्राम कुणालाही वाचता आणि बदलता येतो.

बाकी कशालाही हात लावायचा नाही. आयजीबीटी ट्रान्झिस्टर, त्यांचे गेट ड्रायव्हर, करंट सेन्सर, कपॅसिटर, पाण्याने थंड होणारी प्लेट हे सगळं कारखान्यातून आलं तसंच राहतं. एकाच फेजचे वरचा आणि खालचा असे दोन्ही ट्रान्झिस्टर काही मायक्रोसेकंद जरी एकदम चालू राहिले तरी बस शॉर्ट होते आणि पॉवर मॉड्यूल फुटतं. अशा बिघाडांपासून पॉवर स्टेज वाचावी म्हणून तांब्याच्या पट्ट्या किती जवळ ठेवायच्या, गेटचा सिग्नल कुठे आणि कसा विलग करायचा, हे ठरवण्यामागे कारखान्याच्या चाचण्यांची वर्षं असतात. पॉवर स्टेज मुळापासून घरी बांधणाऱ्यांच्या हौसेबद्दल आदरच आहे. पण गाडीत माणसं बसणार असतील तर कारखान्याच्या पॉवर स्टेजवर विश्वास टाकणं आणि आपली अक्कल कंट्रोलपुरती चालवणं हेच शहाणपणाचं.

दुसरी वाट आहे नकलेची. टोयोटाच्याच लेक्सस जीएस४५०एचच्या इन्व्हर्टरमधला मूळ बोर्ड तसाच ठेवतात, हायब्रिड कॉम्प्युटर आणि इन्व्हर्टर यांच्यातले संदेश नोंदवून त्यांचा अर्थ लावतात आणि मग आपला कंट्रोलर तेच संदेश पाठवू लागतो: अमुक टॉर्क दे, तमुक दिशेने दे. काम देखणं आहे, झाकणही उघडावं लागत नाही. पण आतल्या मर्यादा टोयोटाच्याच राहतात आणि दुसऱ्या बनावटीची मोटर जोडायची म्हटली की वाट बंद होते. बोर्ड बदलणाऱ्याला ती मोकळीक मिळते.

झाकण उघडण्याआधी मात्र कपॅसिटर. तिसऱ्या पिढीच्या मुख्य बसवर ८८८ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आहे. ६५० व्होल्टला त्यात सुमारे १८८ जूल ऊर्जा साठते. हॉस्पिटलातला डिफिब्रिलेटर छातीवर साधारण १५० ते २०० जूलचा झटका देतो. प्रस्तुत लेखकाच्या टेबलावरचा नियम ठरलेला आहे: बॅटरी तोडायची, थांबायचं, मीटर आधी चालू बॅटरीवर लावून तो खरं सांगतो याची खात्री करायची, मग बसवर लावायचा आणि आकडा शून्याजवळ आला तरच हातमोजे काढायचे. डिस्चार्ज सर्किट आतच आहे, ते आपलं काम करेल, असं गृहीत धरून भंगारातल्या पेटीत हात घालू नये.

हाच कपॅसिटर भरतानाही जपावं लागतं. घरी बदललेल्या गाडीतली, समजा ३५० व्होल्टची, बॅटरी एकदम जोडली तर करंटचा असा लोंढा येतो की मुख्य कॉन्टॅक्टरची टोकं वितळून चिकटतात आणि मग तो उघडतच नाही. म्हणून आधी छोट्या रिलेतून, समजा ५० ओहमच्या रेझिस्टरमधून, कपॅसिटर भरायचा. सुरुवातीचा करंट फक्त ७ अँपिअर होतो आणि पाव सेकंदात बस जवळजवळ पूर्ण भरते. तेवढ्यात ती भरली नाही तर आत काहीतरी गळतंय असं समजून मुख्य कॉन्टॅक्टर लावायचाच नाही, ही तपासणी प्रोग्राममध्ये असलीच पाहिजे.

यातला सर्वांत रंगणारा भाग आहे रिझॉल्व्हरचा. प्रियसच्या मोटरच्या रोटरमध्ये कायमचे चुंबक असतात. चुंबक या क्षणी कुठे आहेत हे कळल्याशिवाय कॉइलमध्ये करंट कधी आणि कुठे सोडायचा हे ठरत नाही. ते सांगतो रिझॉल्व्हर. त्याच्या एका कॉइलला एसी सिग्नल देतात, उरलेल्या दोन कॉइलमधून रोटरच्या कोनाचे साइन आणि कोसाइन परत येतात. पण रिझॉल्व्हरचं शून्य आणि चुंबकाचं शून्य एकाच जागी असेल असं नाही आणि मोटर बदलली की तो फरकही बदलतो. विजेच्या मापात ९० अंश चूक झाली तर मोटर नुसती तापते, वळत नाही. १८० अंश चूक झाली तर उलटी फिरते. फरक शोधण्याची रीत सुंदर आहे. मोटर मोकळी ठेवायची, दाब कमी ठेवायचा आणि टॉर्क देणारा करंट शून्य ठेवून फक्त चुंबकाच्या दिशेचा करंट सोडायचा. कोन चुकला असेल तर शाफ्ट फिरू लागतो. मग आकडा थोडा थोडा सरकवत जायचं, शाफ्ट पूर्ण थांबेपर्यंत. नंतर थोडा टॉर्क देऊन दिशा तपासली की काम झालं. ताकदीची मोटर करंट पिऊनही जागच्या जागी स्थिर राहते, तेव्हा पुस्तकातल्या समीकरणांचा अर्थ हाताला कळतो. इंजिनिअरिंगच्या प्रत्येक विद्यार्थ्याला हे एकदा तरी करायला मिळावं.

भंगारातली पेटी निवडताना तिचा इतिहासही पाहावा. फेब्रुवारी २०१४ मध्ये टोयोटाने जगभरातून सुमारे १९ लाख प्रियस परत बोलावल्या. विशिष्ट परिस्थितीत काही ट्रान्झिस्टर जास्त तापून खराब होण्याचा धोका होता आणि उपाय म्हणून सॉफ्टवेअर बदललं गेलं. हे ट्रान्झिस्टर बूस्ट भागातले. घरच्या गाडीत साडेतीनशे व्होल्टची बॅटरी थेट मुख्य बसवर जोडली तर गाडी चालवताना बूस्टची गरजच उरत नाही. सर्वोच्च वेग थोडा कमी मिळतो, पण पेटीतला दुखरा भाग बाजूला राहतो. ह्यूबनर यांच्या प्रोग्राममध्ये बॅटरी चार्ज करण्याचीही सोय आहे, त्यामुळे एरवी रिकामे राहणारे स्विच आणि कॉइल त्या कामी लावता येतात. काही लोक तसं करतातही. मात्र घरातल्या विजेशी विलगीकरण नसलेला चार्जर हे नवशिक्याचं काम नव्हे.

गाडी रस्त्यावर आणायची तर कायदा देशागणिक वेगळा. जर्मनीत एकेक बदललेली गाडी तपासून घेऊन वैयक्तिक मंजुरी मिळवता येते. भारतात मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ मूळ नोंदीपेक्षा वेगळे बदल सहसा करू देत नाही. विजेवर रूपांतर करायचं तर मान्यताप्राप्त किट लागतं, त्याच्यासाठी एआयएस-१२३ हे मानक आहे आणि त्याच्या चाचण्या पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत होतात. म्हणजे भंगारातल्या इन्व्हर्टरवर बांधलेली एकुलती एक गाडी पुण्या-मुंबईच्या रस्त्यावर कायदेशीर चालवणं आज जवळपास अशक्य आहे.

टेबलावर मोटर फिरवायला मात्र कुणाची परवानगी लागत नाही. आपल्याकडे प्रियस फारच थोड्या आल्या, पण २०२२ च्या अखेरीस आलेली टोयोटाची हायब्रिड इनोव्हा हायक्रॉस कर्नाटकात बिडदीला बनते आणि महाराष्ट्रात भरपूर दिसते. अपघातातल्या हायक्रॉस जसजशा भंगारात येतील तसतसे तिचे इन्व्हर्टरही मिळू लागतील. त्यातला बोर्ड प्रियसपेक्षा वेगळा असणार, त्यामुळे कनेक्टरची प्रत्येक पिन मोजून, फोटो काढून, सर्वांना वापरता येईल असा नकाशा कुणालातरी नव्याने करावा लागेल. एखाद्या पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेत तो करण्यासारखा आहे.